ह्याचं शेण कुठंय?

माझी आत्या कुठल्याही अद्भुत प्राण्याचं चित्र पाहिलं की आधी नाक मुरडायची आणि मग विचारायची, "ह्याचं शेण कुठंय?" मंगल कार्यालयाच्या कमानीवरचा पंखांचा घोडा असो, कॅलेंडरवरची जलपरी असो, नाहीतर टीव्हीतली इच्छाधारी नागीण, प्रश्न तोच. तोही हळू आवाजात नाही. अख्खं आयुष्य भरलेल्या वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवण्यात गेलेलं, त्यामुळे तिची कुजबुजसुद्धा गल्लीला ऐकू जायची. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात तिनं हा प्रश्न थेट नवरदेवाच्या काकांना विचारला, पंगतीत, पानावर बासुंदी वाढलेली असताना. वर घोड्याच्या पोटाचा आणि आतड्यांचा हिशेबही ऐकवला. मी तिच्या शेजारीच बसले होते. माझी बासुंदी तशीच राहिली.

आत्या उदगीरला कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची आणि गावात तिला शेणबाई म्हणायचे. तिला ते माहीत होतं. राग वगैरे काही नाही. "शेण म्हणजे जनावर जेवलं, पचलं, जितं हाय ह्याची पावती," असं तिचं म्हणणं. ज्याचा वास येत नाही, ज्याच्या अंगावर गोचीड नाही, ज्याला बघून एकदा तरी शी वाटत नाही, ते तिच्या लेखी जनावरच नव्हतं. मला विचाराल तर तिला स्वतःलाच सगळ्याची इतकी किळस यायची की दुसरं कुणी असतं तर गणित शिकवलं असतं.

अकरावी-बारावीला मी तिच्याकडे राहिले, आणि त्या दोन वर्षांत माझी भूक कायमची कमी झाली. आमचं घर लिंगायताचं, अंड्याची सावली पडली तरी भांडं घासून घेणारं. आत्याही तशीच. सकाळी आंघोळ, कपाळाला विभूती, हातावर इष्टलिंग घेऊन पूजा, मग चहा. आणि त्यानंतर ही बाई गच्चीवर जाऊन चुलीवर बोकडाचं मुंडकं उकळायची. खायला नाही हो, कवटी साफ करायला. कसायाकडून ते स्टीलच्या डब्यात घेऊन यायची, नाकाला पदर लावून, चेहरा असा की कुणी जबरदस्तीनं तिथं पाठवलंय. उकळताना दोनदा गच्चीच्या कोपऱ्यात जाऊन ओकून यायची, चूळ भरायची आणि परत येऊन काठीनं मुंडकं फिरवायची. शेजारच्या काकूंनी आमच्याकडे ताक पाठवणं बंद केलं. एकदा फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या जुडीखाली मला कावळ्याचा पाय सापडला. मी ओरडले तर म्हणाली, "वरच्या कप्प्यात हाय ना? मग? खालच्यात भाजी ठेवायची, सांगितलं व्हतं तुला."

ही हाडं कशासाठी? तर ती तारेनं जोडून नसलेले प्राणी बनवायला. वर्गात मुलींना ती सांगायची की पुराणातलं, गोष्टीतलं कुठलंही जनावर घ्या आणि ते रानात खरोखर कसं घडलं असतं ते मला पटवून द्या. अट एकच. "पाहिजे ते घ्या, पन बदल्यात काय देता ते सांगा. निसर्गात फुकट काय भेटत न्हाई." घोड्याला पंख हवेत? मग पुढचे पाय द्या, कारण पाठीचा कणा असलेल्याला चारच हातपाय. म्हणजे तो घोडा जमिनीवर वटवाघळासारखा कोपरांवर खुरडत चालणार, छातीला हे एवढं मांस, पोट खपाटीला, आणि गवत खाऊन उडायचं म्हटल्यावर उडता उडता हगणार. मुली तोंडाला रुमाल लावायच्या. आत्याला तेवढ्यानं समाधान वाटायचं.

जलपरीचं तर तिनं वाटोळंच केलं. पाणमांजरासारखं एखादं जनावर नदीतच राहायला लागलं, पिढ्यान्‌पिढ्या बाहेर आलंच नाही, तर त्याचे मागचे पाय झिजून जातील, शेपूट आडवी चपटी होईल, बोटांना कातडं येईल. इथवर मुली खूश. मग आत्या पुढं सरकायची. केस गेले, कारण पोहताना अडतात. कातड्याखाली बोट बोट जाड चरबी आली. नाकपुड्या मिटायला लागल्या, ओठांवर मिशा राठ झाल्या, आणि अंगाला कायम शिळ्या माशाचा वास. "आता काढा हिचं कॅलेंडर," म्हणायची. नागमण्याबद्दल तिचं मत ऐकून मी आठवडाभर मीठ खाल्लं नव्हतं. काही सरडे अंगातलं जादा मीठ नाकातून शिंकरून टाकतात, तसं एखाद्या कोरड्या मुलखातल्या नागानं टाकलं, ते डोक्यावर वाळून खडा झाला आणि उन्हात चमकला, तर झाला मणी. म्हणजे वाळलेला शेंबूड. आणि त्यासाठी माणसं एकमेकांचे जीव घेतात, शी.

दोन डोक्यांच्या गंडभेरुंडावर मात्र तिचा जीव होता. किल्ल्यांच्या, देवळांच्या दगडात तो दिसला की नाक मुरडायच्या आधी क्षणभर थांबायची. एका पोटावर दोन चोची नांदणार नाहीत, भांडूनच मरतील, हे तिला मान्य होतं. तिनं तोड काढली होती, की दुसरं डोकं खोटं. मानेच्या मागं पिसांचीच चोच, पिसांचेच डोळे, म्हणजे मागून झडप घालणाऱ्या ससाण्याला वाटावं, हा आपल्याकडंच बघतोय. एकदा देवळात कोरलेल्या शरभाकडं, म्हणजे पंख असलेल्या सिंहाकडं, बघून तिनं तोच प्रश्न विचारला, तर एका आजोबांनी तिला तिथंच अडवलं. म्हणाले, "बाई, शरभ देवाचं रूप हाय. त्यालाबी शेण लावता का?" आत्यानं हात जोडले. "देवाला नेम न्हाईत, आज्जा. पन दगडात पाय कोरून दावले की जनावर आलं, आन जनावराला पोट आलं." आजोबा प्रसाद घेऊन घरी गेले.

तिच्या डाव्या हाताच्या करंगळीखाली एक पांढरा व्रण होता. चुलीचा चटका असेल असं मी धरून चालले होते. खरं कळलं ते पोळ्याच्या दिवशी, वासराच्या भानगडीत.

आमचं गाव देवणीजवळ. गोठ्यात आमच्या देवणी गाई. त्यातल्या एकीला गोऱ्हा झाला, पांढरंशुभ्र अंग आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. आणि वशिंडाच्या बाजूला लोंबणारा पाचवा पाय. हातभर लांब, हाड नसल्यासारखा मऊ, पण खूर मात्र नीट. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. गावाला मात्र नंदीच आल्यासारखं झालं. पायाला हळद लागली, कुंकू लागलं, मोबाईल घेऊन पोरं उदगीर-निलंग्याहून यायला लागली. मूल होत नव्हतं अशा एका बाईनं त्या पायात घुंगरांचा चांदीचा तोडा घातला. माझे वडील, अप्पा, साधे माणूस, चारचौघांत मागं उभे राहणारे. त्यांच्या दारात आयुष्यात पहिल्यांदा लोक चपला काढून उभे राहत होते. ते फुलून गेले, आणि मला त्यांना काही बोलवेना. पोळ्याला त्यांनी ठरवलं की मिरवणुकीत सगळ्यात पुढं आपलं वासरू.

आत्या पोळ्याला आली. अप्पा तिचे धाकटे भाऊ, तिला अक्का म्हणायचे, आणि त्यांच्या आईला, म्हणजे माझ्या आजीला, दोघंही अव्वा. त्यांनी मोठ्या कौतुकानं तिला गोठ्यात नेलं. वासराच्या अंगावर आरसे लावलेली नवी झूल, कपाळाला बाशिंग, खाली रांगोळी, उदबत्त्यांचा धूर डोळ्यांत जाईल इतका. दाराशी वीस-पंचवीस माणसं. आत्यानं वासराकडं बघितलंच नाही. ती खाली जमिनीकडं बघत राहिली आणि म्हणाली, "अप्पा, ह्याचं शेण कुठंय?"

लोक हसले. अप्पा वरमले. "अक्का, देवाच्या वासरापाशी घाण कशी ठिवू? झाडून घेतलंय." तेव्हा मागून माझी आई, जी पाहुण्यांसमोर कधी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "वन्सं, दोन दिस झाले, शेण टाकलंच न्हाई त्यानं. कडब्यालाबी तोंड लावंना."

आत्यानं झूल वर केली. मी मागं होते, तरी तो वास नाकात असा घुसला की मला भिंत धरावी लागली. वासरू वाढलं होतं आणि तोडा वाढला नव्हता. चांदी मांसात रुतली होती. त्याखालचा पाय काळानिळा पडलेला, वर हळदीचा चिखल, तेल, कुंकू, पू, आणि त्या सगळ्यात पांढरे किडे वळवळत होते. ते पायातून खांद्याकडं चालले होते. लोकांनी रोज त्यावर हळद थापली होती, रोज पाया पडले होते आणि झूल खाली सोडली होती. किळस किड्यांची यावी की माणसांची, मला अजून ठरवता आलेलं नाही. दारातला एक जण अजूनही मोबाईल धरून उभा होता.

"डॉक्टरला फोन लाव," आत्या मला म्हणाली. अप्पांनी तिचा हात धरला. "अक्का, आज नगं. मिरवणूक हुंदे. लोक उभे हायत. ह्यो पाय कापला तर माझ्या दारात कोन ईल?" शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून निसटलं असावं, कारण ते लगेच खाली बघायला लागले.

आत्यानं डावा हात त्यांच्यासमोर धरला. "हे बघ. हितं सहावं बोट व्हतं. बोट तू बघितलंयस, पन तू पाळण्यात व्हतास तवा काय चालायचं ते तुला ठावं न्हाई. अव्वानं मला पाटावर बसवायचं आन लोकांनी हळद लावायची. ताप आलेली लेकरं आणून माझं बोट त्यांच्या तोंडात घालायचे. त्यांची लाळ, त्यांचा शेंबूड, वकारी. मी म्हणायची, हात धुती. अव्वा म्हणायची, देवीनं हात धुयाचा नसतोय. जेवतानाबी तसाच हात, अप्पा. नोकरी लागल्यावर लातूरला जाऊन काढून आली. तवर माझ्या तोंडाकडं बघून कुनी बोललं न्हवतं, समदे बोटाकडंच बघायचे." तिनं वासराच्या पाठीवर हात ठेवला. "ह्याला तर सांगताबी येत न्हाई," ती म्हणाली.

अप्पांनी तिचा हात सोडला. मग स्वतःच्या हातानं वासराचं बाशिंग काढलं, झूल काढली आणि बाहेर जाऊन लोकांना सांगितलं, मिरवणुकीत आमचं वासरू नाही. मला त्या दिवशी माझे वडील फार मोठे वाटले.

डॉक्टरीण देवणीहून येईपर्यंत आत्या वासरापाशी बसली. टर्पेंटाईनचा बोळा आणि चिमटा घेऊन एकेक किडा काढत होती. मध्येच उठायची, गोठ्यामागं जाऊन उलटी करायची, तोंड धुऊन परत यायची. मोबाईलवाल्याला म्हणाली, "ते खिशात घाल आन पानी आन." त्यानं आणलं. तोडा घालणारी बाई रडत रडत विचारत होती की मग हा पाय देवानं दिला तरी कशाला. आत्यानं हातातलं काम न थांबवता सांगितलं, "जुळं व्हायचं व्हतं, बाई. एक पुरं झालं. दुसऱ्याचं एवढंच ऱ्हायलं. तू काय वाईट केलं न्हाईस." डॉक्टरीण आत्याचीच विद्यार्थिनी निघाली. तिनं सुन्न करायचं इंजेक्शन दिलं, पाय कापला, टाके घातले. अप्पांनी तो बांधावर, लिंबाखाली पुरला. तिसऱ्या दिवशी वासरानं शेण टाकलं, पातळ आणि घाणेरडं, आणि आत्यानं ते वाकून असं न्याहाळलं की विचारू नका. "आता हाय जनावर," म्हणाली आणि उदगीरची गाडी पकडली.

आत्या गेल्या थंडीत गेली. तिच्या गच्चीवरच्या कवट्या उचलायला कुणी तयार होईना, शेवटी मीच नाकाला पदर लावून गेले. पोत्यात भरताना दोनदा कोपऱ्यात जाऊन आले. गंडभेरुंडासाठी जमवलेली पिसं तेवढी घरी आणली, आणि नवरा रोज त्यांच्यावरून कुरकुरतो.

यंदा पोळ्याला मी गावी होते. तो गोऱ्हा आता चांगला खांद्याइतका उंच बैल झालाय. व्रणावर पांढरे केस आलेत, हात फिरवला तरच कळतो. दारात कुणी चपला काढत नाही. अप्पांनी त्याला गेरू लावला, शिंगांना रंग दिला आणि गावच्या बैलांच्या रांगेत मधे कुठंतरी उभा केला. मी कासरा धरून चालत होते. मारुतीच्या देवळापाशी त्यानं शेपूट वर केली आणि माझ्या नव्या चपलांवर, नव्या साडीच्या काठावर भलंमोठं गरम शेण टाकलं. शी, अंगठ्याच्या बेचक्यात गेलं ते. मी पाय झटकत वर बघितलं. दोन्ही बाजूंनी सगळा गाव उभा होता, आणि आमच्या बैलाकडं एकही माणूस बघत नव्हतं.