बंद क्वार्टरमधली मनी

"अहो देसाई, त्या साठ्यांच्या बंद क्वार्टरमध्ये कोणीतरी रडतंय," साठ्यांच्या शेजारच्या लेलेबाई ऑफिसात येऊन म्हणाल्या.

"बाई, किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. आत कोण असणार?"

"मग चला, किल्लीलाच विचारू."

स्वातंत्र्याला काही वर्षं झाली होती. मी ठाकुर्लीच्या रेल्वे क्वार्टर्सवर सुपरवायझर होतो. एखादं कुटुंब घर सोडून गेलं की नळ, बल्ब, कड्या तपासायच्या आणि कुलूप लावायचं. याला आम्ही हँडओव्हर म्हणत असू. नवं कुटुंब येईपर्यंत किल्ली माझ्याकडे. साठ्यांना कल्याणला मोठं क्वार्टर मिळालं होतं. पितृपक्षात नव्या घरात पाऊल टाकायचं नाही, म्हणून तो लागायच्या आदल्या दिवशी सकाळीच त्यांनी घाईघाईने सामान हलवलं. मी सगळं तपासलं. मोरीमागची कोळशाची खोली तेवढी आमच्या तपासणीत येत नसे.

आवाज तिथूनच येत होता. खोलीला बाहेरून कडी होती. ती काढली तर आत साठ्यांची मांजर, मनी. तीनचार दिवसांत पार वाळली होती. बाहेर पळाली नाही, माझ्या पायाशी येऊन बसली. कोपऱ्यात गोणपाटाची नीट घडी आणि दोन वाट्या होत्या. एकीत दुधाचा वाळलेला थर होता, दुसरी कोरडी.

मला काही कळेना. टाकायची होती तर गोणपाट कशाला? सांभाळायची होती तर कडी कशाला?

लेलेबाईंनी तिला पाणी पाजलं, थोडा दूधभात दिला. "पण माझ्याकडे नको हं. घरात पोपट आहे. आमचे हे तिला उद्याच खाडीवर सोडून येतील."

मग मी टोपलीवर फडकं बांधलं आणि कल्याण गाठलं.

साठेवहिनींनी फडकं सोडलं आणि मनीला उचलून घेतलं. "नवी माणसं त्याच संध्याकाळी येणार होती ना?"

"वहिनी, पितृपक्ष. सर्वपित्री झाल्याशिवाय कोण येतंय?"

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. साठे टॉवेल खांद्यावर टाकून उभे होते.

"मांजर घराचं असतं हो, माणसांचं नसतं," ते म्हणाले. "इथे आणली असती तर जुनं घर शोधत रुळांवर गेली असती. म्हणून घराबरोबर त्यांना दिली."

"त्यांना सांगितलं होतं?"

"सांगितलं असतं तर नको म्हणाले असते."

साठे पुढे म्हणाले, "बरं, आता पितृपक्ष संपल्यावरच आणा. सध्या घरात नवीन काही..."

"तोवर तिचंही श्राद्ध घालू या का?" वहिनी म्हणाल्या. "आणि ती नवीन कुठे? आपलीच आहे." त्या मनीला घेऊन स्वयंपाकघरात गेल्या.

मनी तिथेच राहिली. जुनं घर शोधायला कधी गेली नाही. पुढे वहिनींकडून कळलं की त्या सकाळी वाटीत दूध साठ्यांनीच ओतलं होतं, स्वतःच्या चहासाठी ठेवलेलं. तो माणूस दुष्ट होता की नुसता घाईत होता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझ्या कामात एवढाच फरक पडला. कोळशाची खोली तपासणीत आली. आणि घरात मांजर असलं, तर ते कुणाच्या तरी काखेत दिसल्याशिवाय मी कुलूप लावत नसे.