नलूने पळवलेली खिरापत

नलू हावरी नव्हती.

आज सकाळी हरिशंकरपुरमहून, तिच्या घरून फोन आला, माझी लहानपणची मैत्रीण नलू गेली. दुपारी जुन्या गल्लीच्या ग्रुपवर तिच्या भाच्याने लिहिलं, "ऊपर भी खिरापत सबसे पहले मौसी ही खाएगी." खाली हसणारे इमोजी.

त्याला काय माहीत! लाज वाटली ती माझीच.

नवा मध्यप्रदेश झाला तेव्हाची गोष्ट. आमच्या संस्थानी गावातल्या कचेऱ्या भोपाळला गेल्या. माझे वडील, नाना, गेले नाहीत. "दरबारची नोकरी केलेला माणूस मी. तिथे कुणापुढे उभा राहू?"

नोकरी गेली, ऐट राहिली. घरात चूल एकदाच पेटायची.

त्यातच नया बाजारातल्या आमच्या शाळेची ग्रँट अडकली. बायकांनी मदतीसाठी भोंडला ठरवला. प्रत्येक मुलीने घरून झाकलेला डबा आणायचा. आत काय ते ओळखायला एक आणा, तो शाळेला. कुणालाच ओळखता आलं नाही, तर झाकण उघडून खिरापत सगळ्यांना वाटायची.

आमच्या डब्यात शिळ्या पोळ्यांचा गुळातला कुस्करा होता.

फेर धरताना मी नलूच्या कानात सांगितलं. मला रडू फुटत होतं.

डबा मात्र पितळेचा, मोठ्या घरचा. लोक आण्यामागून आणा टाकत होते.

"श्रीखंडवडी!"

"अरे, नानासाहेबांकडचं आहे, केशर तर असणारच ना!"

शेवटी हेडबाई झाकणाला हात घालणार, तोच नलूने डबा हिसकला, मंडपामागे पळाली आणि सगळं फस्त केलं.

तिच्या आईने सगळ्यांदेखत थोबाडीत दिली. कुणीतरी म्हणालं, "कैसी भुक्खड़ लड़की है!" ते तिला जन्मभर चिकटलं.

मी खरं सांगायला निघाले, तर तिने हात धरला. "बोललीस तर कट्टी. माझी शपथ आहे."

शपथ पाळली, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

संध्याकाळी ती डबा घासून परत द्यायला आली. गालावर बोटं तशीच. डबा रिकामा परत करू नये, म्हणून आत तिच्या वाटणीच्या नारळाच्या वड्या होत्या.

आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ती गेल्यावर दार लावलं आणि तिथेच खाली बसली.

"नलूला कळलं गं सगळं," एवढंच म्हणाली.

मी वड्या खाल्ल्या. सगळ्या. आईलाही विचारलं नाही.

नलू, माझा नमस्कार घे आणि सुखाने जा.