न दिलेला राजीनामा

अन्याय माझ्या धाकट्या बहिणीवर झाला. सत्तावन्न सालच्या वैशाखात, लग्नानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळची पाळी नुकती सुरू झालेली असताना. जागा : पिंपरीकडच्या रस्त्यावरचा लिमलेटच्या गोळ्यांचा कारखाना, लेबर ऑफिसरची खोली. हे आधी सांगून टाकतो, कारण कारखान्याच्या दप्तरी असं काही घडलेलंच नाही. तिथे एवढीच नोंद आहे की एका कामगार बाईने रिझाइन केलं.

हे क्रियापद मी मॅट्रिकला घोकलं होतं. पुढे युनियनच्या कचेरीत पत्रकं लिहू लागलो तेव्हा जाड डिक्शनरीत त्याचं मूळही पाहिलं. लॅटिनमधला मूळ धातू म्हणजे खूण करणं, शिक्का मारणं. त्याच्याआधी 'री' लागला की शिक्का मोडणं, रद्द करणं. फ्रेंचांकडून इंग्रजांकडे पोचेपर्यंत अर्थ झाला, आपल्याकडचं पद आपण होऊन सोडणं. 'आपण होऊन' काढून घ्या, मग त्या क्रियापदात काय उरतं ते मला दाखवा. आपला राजीनामा तर याहून उघड बोलतो. राजी असल्याचा कागद.

माझी बहीण राजी नव्हती. गोळ्यांना कागद गुंडाळायच्या खात्यात ती होती आणि तिला ते काम आवडायचं. चिंचवडहून पोरींचा घोळका पायी निघायचा, त्यात हिचा आवाज सगळ्यात मोठा. आकुर्डीचं स्थळ आम्ही पसंत केलं तेही एवढ्याचसाठी की तिथूनही कारखाना चालत गाठता येतो. नवऱ्या मुलाने नोकरी कबूल केली, सासूने केली. कबूल नव्हतं ते फक्त कारखान्याला. लग्न झालेली बाई कामावर ठेवायची नाही, हा नियम कुठे लिहिलेला नव्हता आणि सगळ्यांना पाठ होता. उद्या पोर होणार, रजा मागणार, म्हणून. मग पोरी लग्न लपवायच्या. गेटाअलीकडच्या वडाखाली मंगळसूत्र पोलक्याच्या आत जायचं, जोडवी पदराच्या गाठीत. बहिणीनेही तेच ठरवलं होतं.

पण पत्रिका छापून आल्या आणि देवाची, भावकीची झाल्यावर आमच्या वडिलांनी पुढची काढली ती त्या लेबर ऑफिसर साहेबाची.

"आबा, त्याला कशाला?" मी म्हणालो.

"पोरगी त्याच्या हाताखाली हाय. अक्षत द्याया नको?"

"त्याला कळलं तर नोकरी जाईल तिची."

"आपल्या मांडवात जेवलेला माणूस असं करत न्हाई. तुला लई कळतं."

साहेब आला. पुण्याहून बायकोला घेऊन आला. पंगतीला बसला, बुंदी मागून घेतली, बहिणीला आहेर केला. आबांनी त्याला फेटा बांधला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की बघ, माणसं अशी जोडायची असतात.

सोमवारी त्याने तिला बोलावलं. कागद टाइप करून तयार होता. पुढचं तिच्याच तोंडून ऐका.

"साहेब म्हणले, बस पोरी. लग्न छान झालं हो. आता इथं सही कर. मी म्हणलं, मला काम सोडायचं न्हाई. तर म्हणले, अगं, सगळ्याच करतात. मग क्लार्क विचारतो, नवं नाव काय घालू? नवऱ्याचं सांग. आता मी त्यांचं नाव असं कसं घेणार? तर तो म्हणतो, उखाण्यात घे, आम्ही पण ऐकतो. साहेबबी हसले."

"मग?"

"घेतलं, दादा. उखाण्याबिगर, साधंच घेतलं. कधी सुटते तिथनं असं झालेलं."

सासरच्या उंबऱ्यावर तिने ते नाव उखाण्यात घेतलं होतं. उघडं, नुसतं, ते त्या खोलीत पहिल्यांदा घेतलं, दोन परक्या पुरुषांची करमणूक म्हणून.

दुपारच्या सुट्टीत मी साहेबापुढे जाऊन उभा राहिलो.

"तिने राजीनामा दिलेला नाही. तुम्ही घेतलाय."

"सही तिचीच आहे ना?"

"सही आहे. मर्जी नाही."

"मर्जी कशी दिसणार हो कागदावर? आणि काय राव, तुमच्या घरी जेवून आलो, आणि तुम्ही अंगावर येता? कामावरून काढली असं नावाला लागू नये, म्हणून तर हे केलं. सासरी काय तोंड दाखवलं असतं तिने?"

रिझाइनचा अर्थ त्याला ठाऊक होता; इंग्रजी त्याचं कच्चं नव्हतं. माझ्यापेक्षा पक्कं होतं. काढलेल्या माणसासाठी युनियनला भांडता येतं. का काढलं, हे विचारता येतं. आपण होऊन गेलेल्यासाठी कुणाला काय विचारणार? आमच्या सेक्रेटरीने कागद वाचला आणि मला परत दिला. "हिने स्वतः सोडलंय, भाऊ. यात आपलं काही चालत नाही."

आबा अजून म्हणतात, साहेब भला माणूस, पोरीला काढलं न्हाई त्यानं. आणि परवा आकुर्डीला गेलो तर सासू बहिणीला माझ्यादेखत ऐकवत होती, "मी कुठं नको म्हणले होते? नोकरी तूच सोडलीस की." बहीण भाकरी थापत राहिली. मी सासूला समजावू लागलो तर बहिणीनेच मला खुणेने गप्प केलं. त्या कागदावरचा खोटा शब्द आता तिच्या चुलीपर्यंत पोचला आहे, आणि तो तिला रोज ऐकायचा आहे.

तुमच्या घरची मुलगी कारखान्यात असेल आणि तिचं लग्न ठरलं असेल, तर तिला आजच सांगा : सही करायची नाही. काढायचं तर काढा, आणि काढलं असं तुमच्या सहीने लिहून द्या, एवढंच म्हणायचं. एकटीला हे जमणार नाही. ते बोलावतील त्या दिवशी तुमची पाळी बुडवा आणि तिच्याबरोबर त्या खोलीत जाऊन उभे राहा.