दसरूभाऊंचं पान

"फ्रिजमधली ते अर्काची बाटली द्या, सर," मंगरू म्हणाला. तो थेट आमच्या लॅबमध्ये येऊन उभा होता. त्याचे मोठे भाऊ दसरूभाऊ चंद्रपूरच्या दवाखान्यात बेशुद्ध पडले होते.

दसरूभाऊ गडचिरोलीच्या जंगलातल्या एका गावचे वैदू. जखम सुजली की ते एका वेलीचं पान वाटून लावत, काढा पाजत. वेलीचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही. आमच्या फार्मसी कॉलेजात आम्ही त्याच पानाचा अर्क काढला होता. मी तिथं लेक्चरर. गोंडपिपरीकडचा, घरातला पहिला ग्रॅज्युएट. नोकरी लागली ती आमच्या एचओडी सरांमुळे.

कुऱ्हाड लागून दसरूभाऊंचा पाय मांडीपर्यंत सुजला होता आणि जंतू रक्तात गेले होते. अशा वेळी जंतूंशी लढताना शरीराचा स्वतःचाच दाह भडकतो, बीपी कोसळतं, किडनी बंद पडते. याला सेप्टिक शॉक म्हणतात.

लॅबमध्ये उंदरांना जंतूंचं विष टोचून आम्ही तशीच अवस्था आणायचो. त्याआधी अर्क पाजलेले बरेच उंदीर जगले. सर हरखले. गाडी काढून आम्ही गावात गेलो, दसरूभाऊंना शाल-नारळ दिला. "तुमचं पान लॅबमध्ये पास झालं," असं सर भाषणात म्हणाले. खोटं त्यात काही नव्हतं.

पुढचा प्रयोग उलटा केला. आधी विष, मग अर्क. कारण माणूस दवाखान्यात येतो तो आजारी पडल्यावरच. या वेळी अर्काचा काहीच उपयोग झाला नाही. निकाल रिपोर्टमध्ये गेला. तो गावात जाऊन सांगायला कोणी गाडी काढली नाही.

अर्क माणसाला द्यायची परवानगी नाही, असं मी मंगरूला सांगितलं.

"आमचंच पान होय ना? मंग आमालेच काऊन नाई?"

"उपयोग नाई होत, भाऊ. उंदराले आजाराच्या आंधी देल्लं होतं. मंगून देल्लं तं नाई वाचले."

तो स्टुलावर बसला आणि घडलेलं सांगू लागला. गावातल्या नर्सबाई पहिल्याच दिवशी दवाखान्यात जा म्हणाल्या होत्या. कॉलेजानं पास केलेलं पान असताना कायले जायचं, असं दसरूभाऊच म्हणाले. सगळ्यांना ते पटलं. ताप चढला तरी काढाच चालू राहिला.

"हे तवा काऊन नाई सांगतलं?"

सर दारात येऊन उभे होते. "तेव्हा आम्हालाच माहीत नव्हतं," ते म्हणाले.

"मंग पास झालं म्हून काऊन सांगतलं?"

सरांनी गाडीची किल्ली घेतली. आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. सलाइन, अँटिबायोटिक, सगळं चालू होतं, पण फार उशीर झाला होता. संध्याकाळी दसरूभाऊ गेले.

त्या पानातला नेमका कोणता घटक दाह कमी करतो, हे शोधणं पुढंही चालू राहिलं. राहायलाच हवं होतं. आता माझे विद्यार्थी औषध लागू पडलं म्हणून सांगत येतात, तेव्हा मी एवढंच विचारतो, आधी दिलं होतं की नंतर? नंतरचा निकाल हाती येईपर्यंत गावात कोणाला काही सांगायचं नाही, असा आमच्या लॅबचा नियम आहे. तो कुठल्या पुस्तकात नाही.