प्रत्येक कुलपाखाली

ती भिंतीला कागद चिकटवते तेव्हा तापाने फणफणलेल्या लेकराचं अंग चाचपावं तसा तळवा फिरवते आणि विचारते, "बराबर हाय ना?" उत्तराची वाट मात्र बघत नाही.

भिंतीचे हे कागद ती स्वतः लाकडी ठशांनी छापते. हिंगोलीच्या एसटी आगारासमोरच्या हॉटेलात तिने लावलेला कागद लांबून हळदीच्या पानांचा वाटतो. जवळ गेलं की प्रत्येक पानात तिच्या तांड्यावरची शाळा दिसते, दाराला कुलूप आणि पायरीवर दप्तर घेऊन बसलेली लेकरं. हॉटेलवाला त्याच तांड्याचा, म्हणून त्याने भिंत दिली. पण ज्या पुढाऱ्याने आपली खासगी शाळा भरावी म्हणून ही तांड्यावरची बंद पाडली, त्याची माणसं रोज तिथेच चहा पितात.

"ताई, कागदावर तुमचं नाव नका टाकू," मी विनवलं. "शाळेसाठी आम्ही पत्रकं वाटतो, त्यांवरही कुणाचं नसतं."

"म्हणून तर त्यात भजे बांधतेत, माय," ती हसली.

गेल्या महिन्यात पुढाऱ्याच्या एका माणसाने भिंतीवर बोट ठेवलं. "हे कोनी केलं?"

हॉटेलवाला कपबशा विसळत राहिला. ती शेवटचा पट्टा लावत होती. स्टुलावरूनच म्हणाली, "म्या. काहून?"

तो भिंतीचा फोटो काढून निघून गेला. दुसऱ्या दिवशी तिने आपल्या नावाचा ठसा कोरला आणि प्रत्येक कुलपाखाली उमटवला.

मी इथे तिचं नाव लिहिलेलं नाही. रोज त्या हॉटेलात जाते, आणि चहा सांगायच्या आधी भिंत जागेवर आहे का ते बघते.