खालच्या ओळीतले हात

"मावशी, तुम्ही ठसा खाली मारा. वरती आमच्या मुलांचं डिझाइन आहे."

सोसायटीच्या मॅडम माझ्या आईला म्हणाल्या. खाली म्हणजे गटाराच्या काठाला, टीचभर जागेत.

दिघ्यातली आमची वस्ती आणि समोरची सोसायटी, मध्ये एक रस्ता. रस्त्याला लांबलचक भिंत. सोसायटीनं ठरवलं, दोन्हीकडच्या माणसांनी भिंतीवर रंगीत हातांचे ठसे उमटवायचे. नाव ठेवलं 'आपली भिंत'. मी त्याच सोसायटीत साफसफाईला. भिंतीचं शेवाळ मी खरवडलं, प्रायमर मी मारला. आईनं तर उभा जन्म तो रस्ता झाडला.

तिला वाकवत नव्हतं. मी काखेत हात घालून तिला धरलं. तिनं निळ्या रंगात पंजा बुडवून भिंतीला टेकवला. कचऱ्यातल्या काचेनं कापलेली तिची करंगळी वाकडीच उमटली.

"दिसतोय न्हवं गं?" आई हसली. मीही हसले.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मॅडमनी तपकिरी रंगाचा डबा माझ्या हातात दिला. "खालचं घाण दिसतंय. पट्टी मारून टाक."

मी मारली. खालच्या ओळीतले वस्तीचे सगळे हात झाकले. आईच्या हातापाशी ब्रश थांबला, असं सांगायला मला आवडलं असतं. नाही थांबला. काम जाईल म्हणून घाबरले.

दुसऱ्या दिवशी आई ठेवणीतलं लुगडं नेसून आली. हात दाखवायला दोन शेजारणींना घेऊन. गटाराशी वाकून शोधत राहिली.

"माजा हात हितंच हुता की गं."

"मी पुसला, आई."

तिनं पदरानं भिंत घासून बघितली.

तेवढ्यात मॅडमची हाक. "चला, फोटो! मावशी, तुम्ही पुढे खाली बसा."

आई निघालीसुद्धा. सवय. मी तिचा दंड धरला.

"ती खाली बसणार नाही."

"अगं, फोटोच तर आहे."

"वस्तीचे हात तुम्ही मला पुसायला लावलेत. ते सगळ्यांसमोर सांगा. मग फोटो."

मॅडम फोटोवाल्याकडे वळल्या. आम्ही निघालो.

काम गेलं. आई आता त्या रस्त्यानं जात नाही. तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

पोटासाठी मी कुणाचीही घाण काढीन. पण माझ्या माणसांना घाण म्हणणाऱ्याचा ब्रश पुन्हा हातात धरणार नाही.