फुग्याचं शीड आणि मागची जागा

हे दिवाळीनंतर गेले. छातीत कळ आली आणि श्रीवर्धनच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. लोक म्हणतात मी खूप रडले. मला एवढंच आठवतं, की घरी आल्यावर दांडीवर टाकलेल्या होडीच्या दोऱ्या वाळल्या का, ते मी हात लावून पाहिलं.

होडी मुंबईच्या एका साहेबांची, पण असायची आमच्याकडे. दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी, मध्ये ताणून बांधलेली जाळी, त्या जाळीवर बसायचं. डोलकाठीला नेहमीचं शीड, आणि वारा पाठीमागून असला की पुढं फुगवायचं एक मोठं केशरी शीड. आम्ही त्याला फुगा म्हणायचो. पर्यटकांना फोटोत तोच हवा असायचा. हे मागं सुकाणूचा दांडा धरून बसायचे, मी पुढं. फुगा वर ओढायचा, त्याची दोरी धरून ठेवायची, शेवटी खाली घेऊन पिशवीत कोंबायचा, ही माझी कामं. कुणाशी बोलावं लागत नसे, म्हणून मला ते बरं वाटायचं.

शिमगा झाल्यावर धाकटा दीर साहेबांचा निरोप घेऊन आला.

"वहिनी, साहेब म्हनतात, एकटीला झेपत असंल तर ऱ्हाऊ दे होडी. न्हायतर पावसाच्या आधी दुसऱ्या किनाऱ्याला नेतो."

"बरं."

"बरं म्हंजे? जमंल?"

"बघते."

होडी मला हवी होती का, ते मी स्वतःला विचारलं नाही. ती गेली की वाळूत तिथं काहीच नसेल, एवढं डोळ्यांसमोर आलं.

अडचण अशी होती, की फुग्याच्या सगळ्या दोऱ्या पुढं माझ्या जागेपाशी यायच्या आणि सुकाणू राहायचं मागं. मी वाडीतला एक लांब बांबू आणला आणि सुकाणूच्या दांड्याला बांधला. आपल्या जागेवर बसून बांबूने सुकाणू हलवायचं. वाळूवर ते जमत होतं.

पाण्यात नाही जमलं. सकाळचा मतलई वारा जमिनीकडून येतो. तो पाठीवर घेऊन मी फुगा चढवला. फुगा भरला तशी होडीची दोन्ही नाकं पाण्यात घुसायला लागली. मी घाबरून दोरी सोडली. फुगा पाण्यात पडला आणि होडीखाली गेला. तो ओढून काढताना तळहात सोलले. दुखलं नाही, नुसतं दिसलं.

परत आले तेव्हा दीर गुडघाभर पाण्यात उभा होता. बांबू बघून हसला.

"आंबे उतरवायला गेलतीस काय, वहिनी?"

मग त्याने होडीच्या मागच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं आणि त्याचं हसू गेलं. "वजन मागं पायजेल. तू पुढं, मागं कोनी न्हाय, म्हनून नाक घालते ती. दादाची जागा राखून ठेवलीस काय?"

मी फुगा पिळत राहिले.

दुपारी मी सगळ्या दोऱ्या सोडल्या. फुगा चढवायची आणि उतरवायची दोरी एकच लांब केली आणि कप्प्यांच्या चाकांवरून मागं नेली. धरायची दोरीही मागं घेतली. चढवताना दोन्ही हात लागतात, तेवढा वेळ दांडा मांडीखाली दाबायचा. मग मागं बसून पाहिलं. ह्यांच्या बसण्याने जाळीला तिथं खळगा पडला होता. मला तो मोठा होता. दोरी ओढली की मी त्यात घसरायचे, पायाला आधार मिळेना. जाळीची बांधणी उसवून मी ती ताणून पुन्हा बांधली. खळगा गेला.

सकाळी दीर किनाऱ्यावर फोन हातात घेऊन उभा राहिला. मी मागं बसले. फुगा चढवला, तो भरला, नाकं वरच राहिली. खाली घेताना आधी उतरवायची बाजू ताणून धरली, मगच वरची सोडली. फुगा कोरडाच पिशवीत गेला. मला आनंद व्हायला हवा होता.

"न्हाय जात होडी दुसऱ्या किनाऱ्याला," दीर पाण्यात येत ओरडला. "साहेबांना फोनवर दावलं."

"बरं."

संध्याकाळी फुगा गोड्या पाण्यात धुऊन सुपारीच्या झाडांमध्ये आडवा ताणून वाळत घातला.

"लगीन हाय काय कुनाचं?" दीर म्हणाला.

मी बांबू पडवीत ठेवला. पडवळाच्या मांडवाला लागेल.